स्टीलच्या भांड्याला चुंबक चिकटलं म्हणजे ते खोटं का? एकाच धातूची अनेक रूपं घडतात कशी, समजून घ्या

भांड्यांच्या दुकानात हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. रुखवतासाठी डबे, पातेली, परात निवडून झालेली असतात. नाव कोरायला भांडी पुढे सरकवणार, इतक्यात घरातली एखादी जाणती मावशी पर्समधून छोटंसं चुंबक काढते आणि पातेल्याच्या काठाला लावते. चुंबक हलकंसं चिकटतं. मग काय, "अहो, हे स्टील डुप्लिकेट आहे, आम्हाला ओरिजिनल दाखवा!"

दुकानदार शपथा घेतो, मावशी ऐकत नाही. आता व्हॉट्सॲपवर तर याचे व्हिडिओच फिरतात. चुंबक चिकटलं तर माल नकली, नाही चिकटलं तर अस्सल ३०४.

खरं सांगायचं तर या भांडणात दोघंही बरोबर असू शकतात. पातेलं खरोखर ३०४ स्टीलचं असेल आणि तरीही त्याच्या काठाला चुंबक चिकटेल. उलट, ज्या स्वस्त भांड्याला चुंबक अजिबात चिकटत नाही, ते ३०४ नसण्याचीही पूर्ण शक्यता आहे. कारण चुंबक स्टीलमध्ये काय मिसळलंय ते सांगत नाही. त्यातले अणू कसे रचले गेलेत, एवढंच ते सांगतं. आणि ही रचना भट्टीत, प्रेसखाली आणि वेल्डिंगच्या जोडाजवळ बदलत जाते.

ती कशी बदलते आणि आपल्याला त्याचं काय पडलंय, ते बघूया.

आधी मुळाशी जाऊ, स्टेनलेस म्हणजे नेमकं काय?

लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळलं आणि कार्बन कमी ठेवला की ते पोलाद स्टेनलेसच्या घरात येतं. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो. हा थर इतका पातळ असतो की त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. पण तो घट्ट बसतो, पाण्याला आणि हवेला आत जाऊ देत नाही, आणि ओरखडा पडला तर आपोआप पुन्हा तयार होतो.

म्हणजे स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं सगळं श्रेय क्रोमियमला. अट एकच, ते क्रोमियम धातूत सगळीकडे पुरेसं आणि मोकळं असलं पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढे हिच्यामुळेच मोठी गडबड होणार आहे.

या धातूचा शोध कुणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. जर्मनीत क्रुप कंपनीच्या एडुआर्ड माउरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी क्रोमियम-निकेलच्या पोलादावर काम केलं आणि १९१२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. दुसरीकडे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी जास्त टिकणारं पोलाद शोधत होते. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं.

धातूची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर आधी त्यावर ॲसिड टाकावं लागतं. ब्रिअर्लींच्या लक्षात आलं की या पोलादावर ॲसिडचा नेहमीसारखा परिणामच होत नाही. त्याहून मोलाची गोष्ट अशी की हा परिणाम धातूला आधी कशी उष्णता दिली होती यावर अवलंबून होता. तापवून झटकन थंड केलेला तुकडा ॲसिडला दाद देत नव्हता, सावकाश थंड करून मऊ केलेला तुकडा मात्र ॲसिडपुढे नमत होता. तुकडे एकाच पोलादाचे, वागणं वेगवेगळं.

आपला आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

तेच अणू, वेगळी मांडणी

एक घरचं उदाहरण घ्या. साखर आणि पाणी तेच असतं, पण आच आणि वेळ बदलली की एकतारी पाक होतो, गोळीबंद होतो, नाहीतर चिक्कीसारखा कडक होतो. तूप कढवून सावकाश निवू दिलं तर छान रवाळ होतं. तेच पटकन फ्रीजमध्ये ठेवलं तर तसा रवा धरत नाही. सामान तेच आहे, फरक पडतो तो उष्णतेचा आणि निवण्याच्या वेगाचा.

धातूचंही तसंच असतं. घन धातूत अणू एका ठरावीक नक्षीत रचलेले असतात. या प्रत्येक वेगळ्या रचनेला धातुशास्त्रात 'प्रावस्था' किंवा सरळ 'फेज' म्हणतात. स्टेनलेस स्टीलमध्ये तीन फेज महत्त्वाच्या आहेत.

फेराइट. एक घन, म्हणजे चौकोनी खोका डोळ्यासमोर आणा. आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि बरोबर मध्यभागी एक. शुद्ध लोखंड नेहमीच्या तापमानाला याच रचनेत असतं. याला चुंबक चिकटतं.

ऑस्टेनाइट. त्याच खोक्याच्या आठ कोपऱ्यांवर अणू, पण मध्यभागी कुणी नाही, त्याऐवजी सहाही बाजूंच्या मधोमध एकेक अणू. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की या रचनेत जातं आणि १३९४ अंशांच्या पुढे पुन्हा फेराइटसारखी रचना धरतं. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही. हा फेज चिवट असतो, ओढला तर खूप ताणला जातो. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्यावरून त्याचं नाव पडलं.

मार्टेन्साइट. ऑस्टेनाइटला इतक्या झटक्यात थंड केलं की अणूंना नीट जागा बदलायला वेळच मिळाला नाही, तर सगळी रचना एकदम तिरकी सरकते आणि कार्बनचे अणू आत अडकून पडतात. या अवघडलेल्या रचनेचं नाव मार्टेन्साइट, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून. हा फेज कडक असतो आणि त्याला चुंबक चिकटतं. गावचा लोहार कोयता लाल करून त्याला 'पाणी देतो' तेव्हा हेच घडत असतं.

निकेल एका बाजूला, क्रोमियम दुसऱ्या बाजूला

आता प्रश्न असा पडतो की ऑस्टेनाइट जर ९१२ अंशांच्या वरचं रूप असेल, तर आपल्या स्वयंपाकघरातलं ३०४ स्टील साध्या तापमानाला ऑस्टेनाइट कसं?

याचं उत्तर आत मिसळलेल्या धातूंच्या रस्सीखेचीत आहे. क्रोमियम, मॉलिब्डेनम, सिलिकॉन, नायोबियम हे फेराइटच्या बाजूनं ओढतात. निकेल, मँगेनीज, तांबं, कार्बन आणि नायट्रोजन हे ऑस्टेनाइटच्या बाजूनं. ज्या गटाचा जोर जास्त, तो फेज टिकतो.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. भांड्यांवर '१८/८' लिहिलेलं असतं ते हेच. एवढं निकेल असलं की भट्टीतलं ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही तसंच राहतं.

या रस्सीखेचीचा नकाशा आंतोन शेफलर यांनी १९४९ मध्ये वेल्डिंगसाठी काढला आणि त्या धर्तीचे नकाशे आजही वापरात आहेत. त्यात एका बाजूला 'निकेलच्या तोडीचा जोर' मोजतात आणि दुसऱ्या बाजूला 'क्रोमियमच्या तोडीचा जोर'. या हिशेबात १ टक्का कार्बन तब्बल ३० टक्के निकेलइतका जोर लावतो, तर मँगेनीजचा जोर निकेलच्या निम्मा धरतात.

मँगेनीजची ही गोष्ट आपल्या खिशाशी जोडलेली आहे. निकेल महाग असतं. म्हणून २०० मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून त्याजागी मँगेनीज, नायट्रोजन आणि काही प्रकारांत तांबं घालतात. २०१ या प्रकारात निकेल ३.५ ते ५.५ टक्के आणि मँगेनीज ५.५ ते ७.५ टक्के असतं. भारतात याहूनही कमी निकेलचे प्रकार भांड्यांसाठी सर्रास वापरले जातात. हे स्टीलही ऑस्टेनाइटच असतं, म्हणजे त्यालाही चुंबक चिकटत नाही. पण त्याची गंज सोसण्याची ताकद ३०४ पेक्षा कमी असते. आता चुंबकाच्या परीक्षेत हे भांडं पास होणार आणि गिऱ्हाईक ३०४ चा भाव मोजून घरी जाणार.

पहिला टप्पा भट्टीचा. इथे पाणी दिल्यावर स्टील मऊ होतं!

साधं पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे आपण ऐकलेलं असतं. पण ३०४ ला १०१० ते ११२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड केलं तर ते कडक होत नाही, मऊ होतं.

असं का? कारण ३०४ मध्ये निकेल पुरेसं असल्यामुळे थंड होताना मार्टेन्साइट तयारच होत नाही. इथे वेगानं थंड करण्यामागचा हेतू वेगळा आहे. एवढ्या उष्णतेला धातूतला कार्बन ऑस्टेनाइटमध्ये पूर्ण विरघळतो, अगदी साखर गरम चहात विरघळते तसा. सावकाश निवू दिलं तर तो वाटेत क्रोमियमला पकडून बाहेर पडतो. झटकन थंड केलं तर तो जिथल्या तिथे विरघळलेला राहतो. शिवाय आधीच्या ठोकाठोकीमुळे आलेला ताणही या उष्णतेत निघून जातो. या प्रक्रियेला सोल्यूशन ॲनिलिंग म्हणतात. पत्रा कारखान्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा तो या अवस्थेत असतो, म्हणजे मऊ, चिवट आणि चुंबकाला न जुमानणारा.

४३० या प्रकाराचं मात्र वेगळं आहे. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, पण निकेल घातलेलं नसतं. त्यामुळे ते फेराइट असतं आणि त्याला चुंबक चिकटणारच. ते 'नकली' नाही, तो स्टेनलेसचाच वेगळा प्रकार आहे. इंडक्शन शेगडीच्या भांड्याला खाली हाच थर मुद्दाम लावतात, कारण ही शेगडी तापवायला चुंबकीय बूड लागतं. इंडक्शनच्या भांड्याचं बूड चुंबकाला चिकटलं नाही, तर काळजी करा!

दुसरा टप्पा प्रेसचा. पातेल्याचा काठ असा बदलतो

आता मावशींच्या चुंबकाकडे वळू.

३०४ चं ऑस्टेनाइट नेहमीच्या तापमानाला टिकून असतं, पण ते काठावर उभं असल्यासारखं. जरा धक्का दिला की ते दुसऱ्या रचनेत उतरायला तयार असतं. हा धक्का प्रेस देते. सपाट चकतीतून खोल डबा ओढताना, काठ वळवताना, सिंकचा कोपरा दाबताना पत्रा थंड असतानाच जोरात ताणला जातो. त्या ताणानं काही ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं. भट्टी नाही, पाणी नाही, नुसत्या दाबानं.

म्हणून एकाच सिंकच्या सपाट भागाला चुंबक चिकटत नाही आणि कोपऱ्याला हलकंसं चिकटतं. चमच्याच्या वळणाला, डब्याच्या काठाला, वाकवलेल्या पाइपला, तारेला असाच अनुभव येतो. तिथलं क्रोमियम कमी झालेलं नसतं, निकेलही तेवढंच असतं. बदललेली असते ती फक्त अणूंची मांडणी.

हा बदल किती होणार, हे तीन गोष्टींवर ठरतं. निकेल जितकं जास्त, तितकं ऑस्टेनाइट स्थिर, म्हणून ३१६ मध्ये हा बदल ३०४ पेक्षा कमी होतो. पत्रा जितका जास्त ताणला, तितकं मार्टेन्साइट जास्त. आणि काम जितक्या कमी तापमानात, तितका हा बदल जास्त.

कारखानदारांना याचा फायदाही होतो. ३०१ या प्रकारात निकेल थोडं कमी ठेवतात आणि पत्रा थंड असतानाच लाटून तो मुद्दाम कडक करतात. स्प्रिंगा आणि मजबूत पट्ट्या त्यातून बनतात.

पण तोटाही आहे. खोल ओढलेल्या भांड्यात मार्टेन्साइट आणि आतला ताण दोन्ही जास्त राहिले, तर भांडं प्रेसमधून धडधाकट निघतं आणि काही तासांनी किंवा दिवसांनी काठापासून उभी भेग जाते. कमी निकेलच्या स्टीलमध्ये हा धोका जास्त. उपाय सोपा, पण खर्चिक आहे. खोल भांडं एका दमात न ओढता टप्प्याटप्प्यानं ओढायचं आणि मध्ये ॲनिलिंग करायचं. त्या उष्णतेत मार्टेन्साइटचं पुन्हा ऑस्टेनाइट होतं आणि ताणही उतरतो. भट्टीचा हा खर्च वाचवला की भेगेची जोखीम वाढते.

तिसरा टप्पा वेल्डिंगचा. सगळ्यात महागात पडणारी चूक

स्टेनलेसची टाकी बनवून घेतली, वर्ष-दोन वर्षांत गळायला लागली, आणि फॅब्रिकेटर म्हणतो "पत्रा चांगलाच होता, बिल दाखवतो". असं झालं असेल तर तो खोटं बोलत असेलच असं नाही. पत्रा खरंच चांगला असू शकतो.

मघाची अट आठवा. क्रोमियम धातूत सगळीकडे मोकळं असलं पाहिजे. ३०४ हे साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळलं की विरघळलेला कार्बन बाहेर पडायला लागतो आणि क्रोमियमशी जोडी जमवतो. या संयुगात क्रोमियमचे २३ अणू आणि कार्बनचे ६ अणू असतात. वजनाच्या भाषेत, १ ग्रॅम कार्बन साधारण १६ ते १७ ग्रॅम क्रोमियम अडकवतो.

आता हिशेब करू. स्टीलमध्ये ०.०६ टक्के कार्बन असेल आणि तो सगळा बाहेर पडला, तरी अडकणार फक्त १ टक्का क्रोमियम. १८ मधून १ गेला, १७ उरले. मग बिघडलं काय?

बिघडतं ते असं. धातू हा छोट्या छोट्या रव्यांचा बनलेला असतो आणि हे संयुग रव्यांच्या सीमेवर तयार होतं. कार्बनचा अणू लहान असल्यानं तो रव्याच्या आतून लांबून धावत सीमेवर येतो. क्रोमियमचा अणू मोठा, त्याची चाल संथ. त्यामुळे लागणारं क्रोमियम सीमेच्या अगदी शेजारूनच ओढलं जातं. तिथलं प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली घसरतं आणि संरक्षक थर दुबळा होतो. सरासरी १७ टक्के राहिली तरी सीमेवरची पट्टी उघडी पडते. गंज मग त्या पट्टीतून, रव्यांच्या मधून आत शिरतो. बाहेरून पृष्ठभाग चकचकीत, आतून रवे सुटे झालेले.

याला 'सेन्सिटायझेशन' म्हणतात. वेल्डिंगमध्ये खुद्द जोड वितळतो. पण जोडापासून काही मिलिमीटरवर एक पट्टा असा असतो की जो वितळत नाही, मात्र नेमका या घातक तापमानात काही वेळ राहतो. म्हणून गंज जोडावर नाही, जोडाच्या शेजारी समांतर रेषेत दिसतो.

याची किंमत जगानं मोजली आहे. १९७० आणि ८० च्या दशकात उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांत ३०४ च्या पाइपांना वेल्डच्या शेजारी भेगा सापडत गेल्या. सेन्सिटाइझ झालेला धातू, वेल्डिंगमुळे उरलेला ताण आणि ऑक्सिजन असलेलं गरम पाणी, या तिघांची युती झाली होती. पुढे अनेक ठिकाणी पाइप बदलून कार्बन कमी ठेवलेलं आणि नायट्रोजन घातलेलं ३१६ बसवावं लागलं.

यावर उपाय चार आहेत.

- कार्बनच कमी ठेवा. ३०४ एल आणि ३१६ एल मधल्या 'एल' चा अर्थ हाच, कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के. ०.०८ टक्के कार्बनचं स्टील घातक पट्ट्यात काही मिनिटांत बिघडू शकतं, ०.०३ टक्क्यांचं तासन्‌तास तग धरतं.
- कार्बनला दुसरा जोडीदार द्या. ३२१ मध्ये टायटॅनियम, ३४७ मध्ये नायोबियम घालतात. कार्बन त्यांना पकडतो, क्रोमियम मोकळं राहतं.
- उष्णता आवरा. कमी करंट, छोटे टप्पे आणि दोन थरांमध्ये निवायला वेळ.
- पुन्हा ॲनिलिंग करा. वस्तू भट्टीत मावत असेल तर १०५० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करा, कार्बन परत विरघळतो.

वेल्डजवळ दिसणाऱ्या निळ्या-सोनेरी रंगाबद्दलही एक गोष्ट. हा रंग म्हणजे तापल्यामुळे जाड झालेला ऑक्साइडचा थर. त्याच्या खाली क्रोमियम कमी झालेला पातळ पापुद्रा असतो. टाकीत क्षार किंवा ॲसिड भरायचं असेल तर हा रंग ॲसिडच्या पेस्टनं नाहीतर घासून काढलाच पाहिजे. रिकामं पातेलं गॅसवर विसरलं की बुडाला येणारे रंग त्याच जातीचे. घरच्या भांड्याला त्यानं धोका नाही, लिंबू किंवा व्हिनेगरनं बरेचसे निघतात.

आणि हो, वेल्डच्या जोडाला चुंबक हलकं चिकटलं तर दचकू नका. वितळलेला धातू गोठताना तडकू नये म्हणून त्यात थोडं फेराइट मुद्दाम राहू देतात.

चाकूची गोष्ट वेगळी

३०४ चा चाकू बनवला तर चकचकीत दिसेल, पण टोमॅटोही नीट कापणार नाही. धार धरायला मार्टेन्साइट लागतं. त्यासाठी ४२० सारखं स्टील वापरतात, ज्यात १२ ते १४ टक्के क्रोमियम आणि ०.१५ टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. ४४० सी मध्ये तर कार्बन १ टक्क्याच्या आसपास असतो.

हे पोलाद सुमारे १००० ते १०५० अंशांपर्यंत तापवतात, तेलात किंवा हवेत थंड करतात आणि मग पुन्हा १५० ते ३७० अंशांच्या दरम्यान तापवतात. या शेवटच्या पायरीला टेम्परिंग म्हणतात. तिनं कडकपणा थोडा उतरतो, पण पातं काचेसारखं तुटत नाही. हेच टेम्परिंग चुकून ४२५ ते ५६५ अंशांत केलं तर पातं ठिसूळही होतं आणि गंजायलाही लागतं.

आता ब्रिअर्लींच्या दोन तुकड्यांचं कोडं सुटतं. मऊ केलेल्या तुकड्यात कार्बननं बरंचसं क्रोमियम अडकवून ठेवलं होतं, म्हणून ॲसिडनं त्याला खाल्लं. तापवून थंड केलेल्यात तेच क्रोमियम विरघळून मोकळं झालं होतं.

घरचा धडा इतकाच की चांगला स्टेनलेस चाकू गॅसच्या ज्वाळेवर तापवू नका, आणि कोरड्या ग्राइंडरवर ठिणग्या उडवत, पातं निळं पडेपर्यंत धार लावू देऊ नका. निळी पडलेली धार परत पहिल्यासारखी टिकत नाही.

दोन्ही फेज एकत्र, डुप्लेक्स

डुप्लेक्स स्टीलमध्ये फेराइट आणि ऑस्टेनाइट जवळपास निम्मे-निम्मे ठेवतात. २२०५ या लोकप्रिय प्रकारात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम आणि थोडा नायट्रोजन असतो. ताकद ३०४ च्या दुपटीच्या घरात आणि खाऱ्या पाण्यात टिकण्याची क्षमताही जास्त. म्हणून समुद्रातले तेलप्रकल्प, खारं पाणी गोडं करणारे कारखाने, रसायनं वाहणारी जहाजं यांत ते वापरतात.

पण हे स्टील लाडावलेल्या पोरासारखं आहे, उष्णतेत जरा दुर्लक्ष झालं की बिघडतं. साधारण ६०० ते ९०० अंशांत ते रेंगाळलं तर 'सिग्मा' नावाचा लोखंड-क्रोमियमचा कडक आणि ठिसूळ फेज तयार होतो. जास्त मिश्रधातूंच्या सुपर डुप्लेक्समध्ये याला काही मिनिटं पुरतात. सिग्मा थोड्या टक्क्यांतच चिवटपणा घालवतो आणि आजूबाजूचं क्रोमियमही ओढून घेतो. दुसरा धोका ४७५ अंशांच्या आसपास असतो. तिथे फेराइटमध्ये क्रोमियमनं भरलेले सूक्ष्म भाग वेगळे होतात आणि धातू ठिसूळ होतो. म्हणून डुप्लेक्सच्या वस्तू साधारण ३०० अंशांच्या वर सतत चालवत नाहीत, आणि वेल्डिंगच्या दोन थरांमध्ये धातू साधारण १५० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबतात.

ऑस्टेनाइटचा चिवटपणा मात्र थंडीतही टिकतो. फेराइट गारठ्यात ठिसूळ होतं, ऑस्टेनाइट होत नाही. उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू साठवायला म्हणूनच ३०४ एल चालतं, आणि स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेटही ३०० मालिकेच्या स्टेनलेसचंच बनवलंय.

मग चुंबक नेमकं काय सांगतं?

- अजिबात चिकटलं नाही: ऑस्टेनाइट आहे. ३०४ असेल, ३१६ असेल किंवा कमी निकेलचं २०० मालिकेचंही असेल.
- काठाला, कोपऱ्याला हलकं चिकटलं: बहुधा ऑस्टेनाइटच, प्रेसमध्ये ताणल्यामुळे थोडं मार्टेन्साइट झालंय.
- सगळीकडे घट्ट चिकटलं: ४३० सारखं फेराइट, चाकूचं मार्टेन्साइट, नाहीतर साधं लोखंड.
- फक्त बुडाला घट्ट चिकटलं: इंडक्शनसाठी लावलेला थर.
- मध्यम चिकटलं आणि वस्तू कारखान्यातली आहे: डुप्लेक्स असू शकतं.

थोडक्यात, चुंबक हे भंगारवाल्याला पहिली छाननी करायला ठीक आहे. ३०४ आणि २०१ मधला फरक त्याला कळत नाही.

घेताना काय करायचं?

भांडी घेत असाल तर बिलावर ग्रेड लिहून मागा आणि आयएसआय मार्क बघा. स्टेनलेसच्या भांड्यांसाठी तो बंधनकारक करणारा आदेश केंद्रानं २०२४ मध्ये काढला. मोठी खरेदी असेल तर क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्रानं काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगेनीज किती ते कळतं. मोठे भंगार व्यापारी आणि धातूच्या प्रयोगशाळा ही तपासणी करून देतात. मात्र कार्बन या यंत्राला मोजता येत नाही. ३०४ आणि ३०४ एल वेगळं ओळखायचं तर मिलचं प्रमाणपत्र किंवा प्रयोगशाळेतली वेगळी चाचणी लागते.

टाकी, डेअरीचं काम किंवा पाइपलाइन बनवून घेत असाल तर फक्त पत्र्याचा ग्रेड विचारून थांबू नका. 'एल' ग्रेड आहे का, वेल्डिंगनंतर रंग काढणार का, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ रेलिंग लावत असाल तर ३१६ चा विचार करा. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या हवेत कामी येतं. आणि रोजच्या स्वयंपाकात मीठ पाणी उकळल्यावर घाला. थंड पाण्यात टाकलेलं मीठ बुडाशी साचून राहिलं की उत्तम ३०४ लाही बारीक ठिपके पडू शकतात.

राहता राहिली मावशी आणि दुकानदाराची गोष्ट. पुढच्या वेळी चुंबक काठाला चिकटलं तर ते पातेल्याच्या सपाट बाजूला आणि बुडालाही लावून बघा. तिथे चिकटलं नाही, तर तुमच्या हातात बहुधा ऑस्टेनाइटचंच पातेलं आहे, फक्त प्रेसमधून तावून-सुलाखून निघालेलं. ते ३०४ आहे की २०१, हे विचारायला मात्र चुंबक खिशात ठेवा आणि बिल मागा.